लग्नाची तारीख आधी की केसांची? हेअर ट्रान्सप्लांटच्या घाईचा हिशेब

तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे दोन धंदे एकदम जोरात येतात. एक मंगल कार्यालयांचा आणि दुसरा, गेल्या पाच-सात वर्षांत वाढलेला, केस लावून देणाऱ्यांचा. मोबाईल उघडला की ‘मॅरेज ऑफर’, ‘तीन हजार ग्राफ्ट, हप्ते फक्त इतके’, ‘सकाळी या, संध्याकाळी घरी जा’. बेळगावात बसलेल्या माणसाला पुण्याची जाहिरात दिसते, पणजीतल्याला बंगळुरूची, इंदूरवाल्याला हैदराबादची. केसांच्या बाजाराला सीमाप्रश्न नाही.

परवा आमच्या ओळखीतला एक पोरगा घरी आला. खानापूर तालुक्यातला, वय चोवीस, पुण्यात एका कंपनीत नोकरी. आईने बायोडेटासाठी फोटो काढायला लावला आणि फोटो बघून त्याचा चेहराच पडला. कपाळाच्या दोन्ही कडांनी केस मागे सरकलेले आणि भोवऱ्यापाशी कातडी दिसायला लागलेली. मोबाईलवर जाहिरात दाखवून म्हणाला, “काका, जानेवारीत करून घेऊ म्हणतोय. मेमध्ये लग्न जमलं तर तोवर केस येतील की. आई पण म्हणायलीय, एकदाचं उरकून टाक. तुम्ही सांगा की, आत्ता करू की थांबू?”

हा प्रश्न आज सीमाभागात नव्हे, सगळीकडेच हजारो घरांत विचारला जातोय. पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा ज्याच्याकडून मिळतं, त्याचा पगार ‘आत्ताच करा’ या उत्तरावर ठरलेला असतो. फोनवर गोड बोलणारी ‘काउन्सेलर’ ही डॉक्टर नसते, हे पुष्कळांना पैसे भरल्यावर कळतं.

बातम्यांत हा विषय येतो तो कुणी दगावल्यावरच. २०१६ मध्ये चेन्नईत २२ वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी या शस्त्रक्रियेनंतर गेला. म्हणजे जो स्वतः डॉक्टर होणार होता, तोही फसला. मार्च २०१९ मध्ये मुंबईतल्या ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा मृत्यू झाला. एकाच लांबलचक बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावल्याचं तेव्हा छापून आलं होतं. मे २०२५ मध्ये कानपूरचं प्रकरण देशभर गाजलं. काही महिन्यांच्या अंतराने दोन इंजिनिअर एकाच क्लिनिकमधल्या केसरोपणानंतर दगावले आणि दंतवैद्य असलेल्या डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला. न्यायालय काय ते ठरवेल.

या मृत्यूंवर लिहायलाच हवं. पण खरं सांगायचं तर नीट जागी, नीट डॉक्टरकडे केलेल्या केसरोपणात जीव जाणं फार दुर्मीळ आहे. जे दुर्मीळ नाही ते वेगळंच, आणि त्याची बातमी होत नाही. चुकीच्या वयात केलेलं केसरोपण! माणूस मरत नाही, घरी येतो, पहिल्या वर्षी खूशही असतो. आणि दहा वर्षांनी आरशात विचित्र डोकं घेऊन उभा राहतो. ते दुरुस्त करायला डोक्यावर माल शिल्लक नसतो.

तरवा तेवढाच, शेत वाढतंय

आपल्या भागात भाताची लावणी ज्याने बघितलीय त्याला हे लगेच समजेल. तरवा एका कोपऱ्यात टाकलेला असतो. त्यातलं रोप उपटून चिखलात लावायचं. नवं रोप त्यातून तयार होत नाही, फक्त जागा बदलते. केसरोपण म्हणजे अगदी हेच. डोक्याच्या मागच्या आणि कानाच्या वरच्या पट्ट्यातले केस मुळासकट काढून पुढे लावायचे. नवा केस एकही तयार होत नाही. मागचा एक कमी, पुढचा एक जास्त.

हे का चालतं? पुरुषांच्या टकलामागे डीएचटी नावाचं संप्रेरक असतं. ज्यांच्या केसांची मुळं त्याला जन्मजात हळवी असतात, त्यांची मुळं बारीक होत जातात. जाड केसाचा पातळ, पातळाची लव, आणि मग काहीच नाही. पण मागच्या पट्ट्यातली मुळं या संप्रेरकाला फारशी दाद देत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिलं की तिथली मुळं पुढे लावली तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. आजचा सगळा धंदा त्या एका शोधावर उभा आहे.

आता हिशेब बघा. ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांचा नैसर्गिक झुबका. चांगल्या, दाट मागच्या पट्ट्यातून एका माणसाच्या अख्ख्या आयुष्यात साधारण पाच ते सात हजार ग्राफ्ट निघू शकतात, तेही मागची बाजू उघडी न पाडता. कुणाचे कमी, कुणाचे थोडे जास्त. नुसती पुढची रेषा आणि कपाळाचे दोन कोपरे भरायला दोन-अडीच हजार सहज लागतात. टाळू आणि भोवरा भरायला तेवढेच, कधी जास्त. म्हणजे पूर्ण टक्कल पडणाऱ्या माणसाला हा साठा मुळातच अपुरा आहे. तो कुठे खर्च करायचा हे ठरवण्यासाठी टक्कल शेवटी कुठवर जाणार याचा अंदाज हवा.

आणि चोवीसाव्या वर्षी तो अंदाज येत नाही. मेख इथेच आहे.

डॉक्टर लोक पुरुषांच्या टकलाच्या सात पायऱ्या मानतात. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये मांडलेली मोजपट्टी नॉरवूड यांनी १९७५ मध्ये सुधारली, ती अजून वापरात आहे. पोरगा आज तिसऱ्या पायरीवर आहे. पन्नाशीत तो चौथीवर थांबलेला असेल की सातवीवर, हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. एवढंच म्हणता येतं की ज्यांचे केस विशीच्या सुरुवातीलाच जायला लागतात, ते बरेचदा लांबच्या पायरीपर्यंत जातात. म्हणजे सगळ्यात घाईत असलेल्या माणसानेच सगळ्यात जास्त थांबायला हवं.

नाही थांबला तर काय होतं? तीन हजार ग्राफ्ट लावून अठरा वर्षांच्या पोरासारखी खाली ओढलेली, सरळ रेषा केली. दोन वर्षं झकास. पण त्या रेषेच्या मागचे त्याचे स्वतःचे केस जात राहतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की ऑपरेशन झालंय. पस्तिशीत पुढे दाट केसांची एक पट्टी, मागे मोकळं मैदान, आणि परत कडेला केस. नुसतं टक्कल असतं तर शोभून दिसलं असतं, असं म्हणायची पाळी येते. मग दुसरं ऑपरेशन, तिसरं ऑपरेशन. तरवा संपलेला.

वयाची सरकारी मर्यादा अशी काही नाही. पण जबाबदार सर्जन पंचविशीच्या आत सहसा हात घालत नाहीत, आणि तिशीच्या पुढे गेलेला, गळती स्थिरावलेला माणूस त्यांना जास्त पसंत पडतो. स्थिरावलेला म्हणजे वर्ष-दीड वर्षात फोटोत फरक न दिसणारा, मग तो औषधाने असो की आपोआप.

घरच्यांकडेही बघावं. आणि फक्त बाबांकडे नव्हे. ‘टक्कल आईच्या वडिलांकडून येतं’ असं आपल्याकडे म्हणतात, त्यात अर्धं खरं आहे. या बाबतीतला एक महत्त्वाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला तो आईकडूनच मिळतो. पण बाकीचे पुष्कळ जीन दोन्हीकडून येतात. म्हणून आजोबा, मामा, काका, वडील सगळ्यांची डोकी बघून मगच अंदाज करायचा, आणि तोही अंदाजच.

आधी बघा, टक्कल आहे की नुसती गळती

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत मुळापासून गळायला लागले. बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांचे. आधी पाण्याला दोष दिला गेला. पुढे रक्तात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त आढळलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट गेलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासण्या करून हा मुद्दा लावून धरला. पुढे अनेकांचे केस परत यायला लागले. त्या गावांत कुणी केसरोपणाचं दुकान लावलं असतं तर?

हे टोकाचं उदाहरण झालं. रोजच्यातलं म्हणजे डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण किंवा कडक डाएट. यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. माणूस घाबरतो. पण ही गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपणहून थांबते. थायरॉइड, लोहाची कमतरता यांनी केस जातात, ते उपचाराने सुधारतात. चाई पडते ती वेगळी. तिथे शरीर स्वतःच्याच मुळांवर हल्ला करत असतं, चाई चालू असताना लावलेले केसही तसेच जातील. यातल्या कशालाही केसरोपण हा पहिला इलाज नाही. म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञ, साधी रक्ततपासणी आणि भिंगातून डोक्याची पाहणी. बेळगाव, कोल्हापूर, मडगाव, कुठेही हे होतं. त्यासाठी पुणं-मुंबई नको.

बायकांबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण जाहिराती आता त्यांच्याकडे वळल्यात. बायकांचे केस बरेचदा सगळ्या डोक्यावर सारखे विरळ होतात, मागच्या पट्ट्यासकट. तरवाच पातळ असेल तर लावणी कशाची करणार? काही बायकांना केसरोपणाचा फायदा होतो, उदाहरणार्थ वर्षानुवर्षं घट्ट बांधल्याने कडेचे केस कायमचे गेले असतील तर. पण ‘भांग रुंद झालाय’ एवढ्यावर ऑपरेशन सुचवणाऱ्याकडून उठून यावं. काही पुरुषांचंही असंच सगळीकडून विरळ होत असतं. त्यांनाही हे लागू.

टक्कलच आहे हे नक्की झालं तरी पहिली पायरी औषधाची असते. मिनॉक्सिडिल डोक्याला लावायचं. त्याला अमेरिकेत १९८८ मध्ये परवानगी मिळाली. फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी १९९७ पासून आहे. दोन्हीचा फरक दिसायला चार ते सहा महिने जातात, नीट निकाल कळायला वर्ष. आणि सोडलं की मिळवलेलं काही महिन्यांत निघून जातं. जाहिरातवाले याच गोष्टीवर बोट ठेवून म्हणतात, ‘आयुष्यभर गोळ्या कशाला, एकदाच केस लावा’. पण केस लावल्यावरही उरलेले केस टिकवायला बहुतेकांना औषध घ्यावंच लागतं. ही गोष्ट पैसे भरून झाल्यावर सांगितली जाते.

गोळीचं मात्र नीट समजून घ्या. काही थोड्या पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरतेचा त्रास असे परिणाम दिसतात. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या समितीने आत्महत्येचे विचार येणं हाही फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. किती जणांना होतो याचं प्रमाण ठरलेलं नाही. म्हणून मन उदास राहणं, झोप उडणं असं काही वाटलं तर गोळी थांबवून डॉक्टरला लगेच सांगायचं. आधीपासून नैराश्य असेल तर सुरू करण्याआधीच सांगायचं. मेडिकल दुकानदाराला विचारून, मित्राने दिली म्हणून ही गोळी सुरू करू नये. आपल्याकडे ती तशीच सुरू होते, हे सगळ्यांना माहीत आहे.

औषधाचं एक वर्ष हे वाया गेलेलं वर्ष नव्हे. त्या वर्षात गळती किती वेगाने चाललीय हे कळतं, औषध सोसतं का ते कळतं, आणि कधी कधी केसरोपणाची गरजच पुढे ढकलली जाते.

लग्नाचं गणित

आता पोराच्या मे महिन्याकडे येऊ. जानेवारीत केस लावले तर दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळून पडतात. मुळं आत राहतात, केस जातो. हे ठरलेलं आहे, बिघाड नव्हे. आजूबाजूचे मूळचे केसही धक्क्याने काही काळ गळू शकतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे कोंब यायला लागतात, बारीक आणि विस्कटलेले. म्हणजे मेमध्ये, बोहल्यावर, हा पोरगा आजच्यापेक्षा विरळ किंवा अर्धवट दिसण्याचीच शक्यता जास्त. बघण्यासारखा निकाल नऊ ते बारा महिन्यांनी, भोवऱ्याचा तर कधी दीड वर्षाने.

लग्नासाठी करायचंच असेल तर तारखेआधी किमान वर्षभर हवं. ‘तीन महिन्यांत नवरदेव तयार’ म्हणणारा खोटं बोलतोय. मुलीकडच्यांना काही कळू नये हाही एक हेतू असतो, तो मी समजू शकतो. पण ग्राफ्ट एकेक काढण्याच्या पद्धतीत बहुतेक वेळा डोकं भादरावं लागतं. खपल्या जायला आठ-दहा दिवस. हेल्मेट, ऊन, घाम, जिम यांची बंधनं काही आठवडे. पुण्याहून गावाकडे मोटरसायकलने येणाऱ्याने याचा विचार करावा.

कोण करतंय, कुठे करतंय

सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केसरोपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा असा : हे काम शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण असलेल्या डॉक्टरचं, म्हणजे मुख्यतः प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञाचं. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून घेतलेलं शिक्षण पुरेसं नाही. मदतनीस असू शकतात, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि जबाबदारी डॉक्टरची. जबडा-चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या दंतशल्यविशारदांना हे करता येतं की नाही यावर दोन्ही बाजूंचे वाद चालू आहेत. पण साधी दंतवैद्यकीची किंवा भलत्याच शाखेची पदवी लावून बसलेल्यांबद्दल वाद असायचं कारण नाही.

प्रत्यक्षात काय चालतं? भिंतीवर डॉक्टरचा फोटो, आणि टेबलावर आठ तास काम करतात ते टेक्निशियन. डॉक्टर येऊन रेषा आखून जातो. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न ‘ग्राफ्टला किती?’ हा नाही. भूल कोण देणार, भोकं कोण पाडणार, आणि सगळं होईपर्यंत डॉक्टर इमारतीत असणार का, हे विचारा.

भुलीची गोष्ट का महत्त्वाची ते आकड्यांत सांगतो. डोकं बधिर करायला लिग्नोकेन वापरतात. अॅड्रिनलिनसोबत दिलं तर त्याची मर्यादा साधारण एका किलो वजनाला सात मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला चारशे वीस. बाजारात मिळणाऱ्या दोन टक्क्यांच्या तीस मिलिलिटर बाटलीत सहाशे मिलिग्रॅम असतं. म्हणजे एक बाटलीही पूर्ण चालत नाही. दहा-बारा तासांच्या बैठकीत परत परत टोचताना हा हिशेब कुणी ठेवला नाही तर झटके येऊ शकतात, हृदय बंद पडू शकतं. एकाच दिवसात पाच हजार, सहा हजार ग्राफ्टची ऑफर ही स्वस्ताई नव्हे, हे यावरून कळावं. तिथे ऑक्सिजन, मॉनिटर आणि जीव वाचवण्याची औषधं आहेत का, हे डोळ्यांनी बघून या.

डॉक्टरची नोंदणी तपासणं पाच मिनिटांचं काम आहे. नोंदणी क्रमांक मागायचा, राज्याच्या मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकायचा. बेळगाव, बंगळुरूच्या डॉक्टरसाठी कर्नाटक, पुणे-कोल्हापूरसाठी महाराष्ट्र, इंदूर-ग्वाल्हेरसाठी मध्य प्रदेश, वडोदऱ्यासाठी गुजरात. गोवा आणि तेलंगणाचं आपापलं. क्लिनिकची नोंदणी मात्र प्रत्येक राज्यात वेगळ्या कायद्याखाली आहे. कर्नाटकात २००७ चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, महाराष्ट्रात अजून १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा, मध्य प्रदेशात १९७३ चा. एका राज्याच्या अधिकाऱ्याचा हात दुसऱ्या राज्यात पोचत नाही, आणि साखळी क्लिनिकवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

हद्द ओलांडून गेलेल्यांसाठी

आपल्या वाचकांपैकी बरेच जण राहतात एका राज्यात आणि ऑपरेशन करतात दुसऱ्या. बिघडलं तर दाद कुठे मागायची, या प्रश्नापाशी पुष्कळ लोक गप्प बसतात. ‘मुंबईला जाऊन कोर्टकचेरी कोण करणार?’ गप्प बसायचं कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पूर्वी असं नव्हतं, समोरच्याच्या गावी जावं लागायचं. खानापूरचा पोरगा मुंबईच्या क्लिनिकविरुद्ध बेळगावच्या आयोगात जाऊ शकतो, पुण्यात नोकरी असेल तर पुण्यातही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते. मुदत दोन वर्षांची. केसरोपणाचा निकालच वर्षाने कळतो, तेव्हा उरतं एक वर्ष, हे ध्यानात ठेवा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवून टाकलंय.

पण तक्रारीला कागद लागतो. इथे आपले लोक मार खातात. रोख पैसे, पावती नाही, संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, सही केली तेव्हा डोक्यावर आधीच मार्करच्या रेषा. संमतीपत्र आदल्या दिवशी मागा, घरी आणून कुणाकडून तरी मराठीत समजून घ्या. त्यात ग्राफ्टची संख्या, कोण करणार त्याचं नाव आणि धोके लिहिलेले हवेत. आपली वैद्यकीय कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यायला हवीत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे.

पावती टाळायचं कारण अर्थात जीएसटी. इतर उपचारांना करमाफी आहे, केसरोपणाला नाही. त्यावर कर लागतो. अपघाताने किंवा जन्मतः आलेला दोष दुरुस्त करायचा असेल तर गोष्ट वेगळी. ग्राफ्टला तीस रुपये सांगितले तर तीन हजारांचे नव्वद हजार, त्यावर कर वेगळा. ‘बिल नको असेल तर तेवढे कमी’ असं म्हणतात, आणि आपण खूश होतो. त्या वाचलेल्या करात तुमचा सगळा पुरावा विकलेला असतो. आरोग्य विमा याला पैसे देत नाही. पुण्या-मुंबईला तपासणीसाठी चार-पाच खेपा, प्रत्येक वेळी रजा आणि प्रवास, हा खर्च कुणी धरत नाही. शिवाय रात्री अकराला डोकं सुजलं, ताप आला, तर तीनशे किलोमीटरवरचा डॉक्टर उपयोगाचा नाही. गावातल्या कुठल्या डॉक्टरकडे जायचं हे आधी ठरवून जा.

मग करावं कुणी?

केसरोपणच वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीत चाळिशीत करून घेतलेले दोघे आहेत. वर्षानुवर्षं टक्कल एका जागी थांबलेलं, मागचे केस दाट, साखर-रक्तदाब ताब्यात, अपेक्षा माफक. त्यांनी रेषाही वयाला शोभेल अशी थोडी वरच ठेवली. कुणाला ओळखूही येत नाही. पैसे वसूल. टक्कल ही चैनीची तक्रार आहे असं म्हणून उडवून लावणारेही असतात; त्यांनी बायोडेटावरचा फोटो बघून नकार आलेल्या पोराशी एकदा बोलावं. आपल्या समाजात मुलीच्या रंगाला आणि मुलाच्या केसांना अजून भाव आहे, आणि त्या भावावरच हा बाजार चालतो.

पोराला मी एवढंच सांगितलं की जानेवारीचे पैसे भरू नको. आधी बेळगावात त्वचेच्या डॉक्टरकडे जा. आज एकाच उजेडात समोरून, वरून आणि मागून असे तीन फोटो काढ, आणि दर तीन महिन्यांनी त्याच जागी उभं राहून तेच तीन. वर्षाने ते फोटो घेऊन सर्जनकडे जा, मग तो काय म्हणतो बघू.

“आणि मेचं काय, काका?”

न्हावी चांगला गाठ म्हणालो, केस बारीक ठेव, विरळपणा कमी दिसतो. तो हसला, पण आई हसली नाही. तिने बॅगेतून जुना अल्बम काढला आणि तिच्या वडिलांचा लग्नातला फोटो पुढे केला. फेटा बांधलेला. “ह्यांचे तिशीतच गेले होते वो सगळे,” ती म्हणाली, “मला आत्ता आठवलं.”